मुरुमांवर उपचार वेळेत, लेझर नंतर

तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू होते. लेझरची पॅकेजं मात्र त्याच्या दोन महिने आधीच निघतात. दोन महिन्यांत चेहरा नितळ, मुरूम गायब, खड्डे गायब, शेवटची सिटिंग हळदीच्या आठवड्यात. असं होत नाही. दोन महिन्यांत तर नाहीच.

खड्ड्यांसाठी जास्त वापरलं जातं ते फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर. त्याची १०,६०० नॅनोमीटरची किरणं त्वचेतल्या पाण्यात शोषली जातात आणि तिथे सुईच्या टोकाहून बारीक अशा असंख्य जखमा होतात. दोन जखमांमधली त्वचा शाबूत राहते, तिच्या आधारानं जखमा भरतात आणि खाली नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, तयार होऊ लागतं. ही फ्रॅक्शनल पद्धत बॉस्टनच्या संशोधकांनी २००४ मध्ये मांडली. कोलॅजन तयार व्हायला महिने लागतात. दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. लेझरनंतर आठवडाभर चेहरा लाल असतो, खपल्या धरतात. पहिल्या दिवसांत सूज असल्यामुळे खड्डे भरल्यासारखे वाटतात. सूज उतरली की ते पुन्हा दिसतात. त्या दिवसांत काढलेला ‘आफ्टर’ फोटो दाखवून कोणी पैसे मागत असेल, तर ती फसवणूक आहे.

खड्डे सगळे एकसारखेही नसतात. काही सुई टोचल्यासारखे अरुंद आणि खोल असतात. ते नुसत्या लेझरनं फारसे हलत नाहीत, त्यांच्या तळाशी टीसीए नावाचं तीव्र आम्ल नेमकं टेकवावं लागतं. काही उथळ आणि पसरट असतात. त्यांना आतून तंतूंनी खाली ओढून धरलेलं असतं, ते तंतू सुईनं सोडवावे लागतात. याला सबसिजन म्हणतात. चेहरा न तपासता, फोनवर सिटिंगचा आकडा सांगणाऱ्यानं यातलं काहीच पाहिलेलं नसतं. आणि उत्तम डॉक्टरही खड्डे पुसून टाकत नाही, कमी करतो. हे पहिल्याच भेटीत सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवा.

आता आपल्या रंगाबद्दल. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असतं आणि जखम झाली की ते आणखी तयार होतं. त्यामुळे गोऱ्या त्वचेला सोसणारी लेझरची मात्रा आपल्या चेहऱ्यावर काळे चट्टे उमटवू शकते. ते महिनोन् महिने टिकतात. म्हणजे खड्डा घालवायला गेलेली मुलगी चट्टा घेऊन घरी येते. हा धोका टाळता येतो: मात्रा कमी ठेवून, दोन सिटिंगमधलं अंतर वाढवून, उन्हापासून जपून, रोज सनस्क्रीन लावून. पण त्यासाठी यंत्र चालवणाऱ्याला त्वचा वाचता आली पाहिजे.

आणि यंत्र चालवतं कोण? त्वचारोगतज्ज्ञ एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी करतो. गल्लीतल्या ‘स्किन स्टुडिओ’त तेच यंत्र चार दिवसांच्या वर्कशॉपवर चालतं. केसरोपणाबाबत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये बजावलं, की नुसतं वर्कशॉप करून किंवा यूट्यूब पाहून ते करण्याइतकं शिक्षण होत नाही. हीच कसोटी चेहऱ्यावरच्या लेझरलाही लावा. डॉक्टरचं नाव, पदवी आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर राग आला, तर उठा आणि बाहेर पडा.

पण सगळा दोष दुकानांच्या माथी मारून आपण सुटत नाही. खड्डे घरात पडतात. चौदा वर्षांच्या मुलाच्या गालावर गाठी येतात, दुखतात, पू होतो. घरचे म्हणतात, ‘वयात आलं की येतातच, आपोआप जातील.’ मुलीला सांगतात, ‘लग्नानंतर जातील.’ मग टूथपेस्ट, लिंबू, शेजारच्या काकूंचा लेप. मुरूम पुष्कळांचे जातातही, पण खोल, सुजलेले मुरूम जाताना कोलॅजन खाऊन जातात. उपचाराला जितका उशीर, तितका व्रणाचा धोका जास्त. नखानं फोडले तर आणखी जास्त.

त्यात मेडिकलवाल्यानं हातात ठेवलेली गोरेपणाची ट्यूब. तिच्यात बेटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं. आठवडाभर चेहरा उजळ दिसतो. मग त्याच ट्यूबनं मुरूम उसळतात, त्वचा पातळ होते, केस वाढतात आणि ट्यूब थांबवली की चेहऱ्याची आग होते. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये अशा मलमांवर चिठ्ठीशिवाय विक्रीची बंदी आणली. तरी ती मिळतात, कारण आपण मागतो आणि दुकानदार देतो. दोघांनीही हे आजपासून थांबवावं.

खरं तर मुरुमांवरचे चांगले उपचार जुने आहेत आणि लेझरच्या तुलनेत स्वस्तही. अ‍ॅडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडची जेलं आहेत. ती दोन-तीन महिने नेटानं लावावी लागतात. आठव्या दिवशी फरक नाही म्हणून सोडून देऊ नयेत. तीव्र मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या १९८२ पासून वापरात आहेत. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या आणि गरोदरपणात कदापि नाही, कारण बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. मुलीची पाळी अनियमित असेल तर मुरुमांमागे पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार आहे का, हे तपासून घ्यायचं. मुंबईत केईएम, नायर, शीव आणि जेजे, पुण्यात ससून या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. तिथली ओपीडी सामान्य माणसासाठीच आहे.

मुरुमांवरही लेझर आलं आहे. तेलग्रंथींनाच लक्ष्य करणाऱ्या १,७२६ नॅनोमीटरच्या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२ मध्ये मान्यता दिली. गोळ्या चालत नाहीत अशांसाठी ही चांगली बातमी आहे. पण ज्यानं साधं जेलही कधी नीट लावलेलं नाही, त्यानं सुरुवात तिथून करायची गरज नाही. आणि खड्ड्यांचं लेझर तर चेहऱ्यावर सुजलेले मुरूम असताना करूच नये. आधी मुरूम आटोक्यात, मग खड्डे. आरोग्य विम्यात सौंदर्योपचार धरले जात नाहीत, म्हणजे हा खर्च सहसा खिशातूनच करायचा असतो. एवढे पैसे घालायचे तर योग्य वेळी आणि योग्य हाती घाला.

चेहऱ्यावरच्या व्रणांनी माणूस खचतो. फोटो टाळतो, मान खाली घालून बोलतो, मुलाखतीला जायला कचरतो. त्यानं लेझर केलं तर त्यात चैन कसली? तो उपचार आहे आणि त्याला कोणी नावं ठेवू नयेत. पण त्या वेदनेचा बाजार मांडणाऱ्यांना आपण पैसे पुरवू नयेत.

आईबाबांना एकच सांगणं: मुलाच्या चेहऱ्यावर दुखऱ्या गाठी दिसल्या की याच महिन्यात त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. लग्न ठरेपर्यंत थांबू नका.