वऱ्हाडात तर्क लढवण्याची रीत

साहित्य : एक पानटपरी, दोन वऱ्हाडी आणि दोघांनाही ठाम मत असलेला एक विषय. जागा अमरावतीचा राजकमल चौक चालेल. अकोल्यात मे महिन्यात तर्क करू नये. तिथे तेव्हा धुरावाचून आग असते आणि न्यायशास्त्राची पंचाईत होते.

आधी गौतमाच्या न्यायसूत्रांतले पाच अवयव ओळीने मांडावेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत, डोंगरावरही तसाच धूर, म्हणून आग. (ॲरिस्टॉटलचे तिनात भागले. त्याला सोयऱ्यांना समजावायचे नव्हते.) आता हेच कापसाला लावा. यंदा भाव चढणार, कारण आवक कमी, आवक कमी तिथे भाव चढा, जसा कांद्याचा, कापसाचेही तेच, म्हणून घरात गंजी लावा. सांगाडा निर्दोष. फक्त २०२५च्या ऑगस्टमध्ये सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले, मग ती माफी वर्षअखेरपर्यंत वाढवली, आणि पाचांपैकी एकाही अवयवाने दिल्लीकडे पाहिले नव्हते.

नैयायिकांना हा धोका ठाऊक होता. आग आहे म्हणून धूर असेलच असे नाही; तापल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला ओले सरपण लागते. अशा दडलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणत. तेव्हा समोरचा 'जिथे जिथे' म्हणाला, की सरपणाच्या पराट्या ओल्या होत्या की वाळलेल्या, हे लगेच विचारावे. तो चिडेल. चिडू द्यावे.

नमुना हवा असेल तर शेंडगावचे गाडगेबाबा घ्यावेत. पोथीतला तर्क ते शिकले नव्हते. कीर्तनात ते प्रश्न विचारत, श्रोत्यांकडून एकेक होकार वदवून घेत, आणि त्याच होकारांतून नवसाचा बोकड नि कर्ज काढून केलेले लग्न श्रोत्यांच्याच अंगावर येई. होकार मिळाल्याशिवाय पुढची पायरी नाही, ही शिस्त टपरीवर मात्र झेपत नाही. तिथे वितंडा स्वस्त पडते : आपली बाजू मांडायचीच नाही, दुसऱ्याची पाडायची.

"भाव वाढन म्हन्तं, तं मंग तूनं कापूस काऊन इकला?"

"पोरीचं लगन हाय ना भाऊ!"

न्यायसूत्रांनी वादात हरण्याची २२ निग्रहस्थाने मोजली आहेत. हे त्यांतले कितवे, यावर टपरीवर एकमत होत नाही. चहाचे पैसे कापूस विकलेल्यानेच द्यावेत, यावर होते.