स्वतःचा मोडेम लावू इच्छिणाऱ्या नगरकरांसाठी सूचना

केबलवाल्याने दिलेला मोडेम चार खोल्यांपैकी दीड खोलीतच चालतो, हे ज्यांच्या लक्षात आले आहे अशा सुजाण नागरिकांनी स्वतःचा मोडेम घ्यावा. घेण्यापूर्वी घरात चर्चा करू नये. ती नंतर आपोआप होते.

दुकानात जाण्याआधी खिडकीबाहेर पाहावे. विजेचा खांब, शेजाऱ्यांची गच्ची आणि लिंबाची फांदी असा प्रवास करून आपल्या घरात शिरणारी काळी वायर फायबरची आहे ना, याची खात्री करावी. परदेशी व्हिडिओ पाहून डॉक्सिस जातीचा मोडेम मागवलात, तर फायबरच्या लाइनवर त्याचा उपयोग पेपरवेट म्हणूनच होईल. फायबरला लागतो तो ओएनयू. त्यात जीपॉन आणि ईपॉन अशी दोन घराणी असून त्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार होत नाही, म्हणून दोन्हीकडे चालणारा एक्सपॉन घ्यावा. ‘तुमची लाइन जीपॉन का ईपॉन?’ असे केबलवाल्याला विचारायला हरकत नाही, पण विचारणारा दुसऱ्या केबलवाल्याचा माणूस असावा, असा संशय येतो.

वायरीच्या टोकाचा रंग पाहावा. हिरव्या टोकाची काच आठ अंशांत तिरकी घासलेली असते, निळ्याची नसते. हिरवे टोक निळ्या तोंडात बसते. उजेड मात्र वाटेत सांडतो. किती उजेड पोहोचला, तो आकडा डब्याच्या सेटिंगच्या पानावर दिसतो. मायनस २० म्हणजे झकास, मायनस २७ म्हणजे काठावर पास. त्यापुढे लाल दिवा लागतो आणि घरातली चर्चा सुरू होते.

इथवरचे सारे पैशाने जमते. खरी परीक्षा पुढे आहे. केबलवाल्याच्या खोलीत ओएलटी नावाचे यंत्र असते आणि ते फक्त ओळखीच्या डब्यांशी बोलते. आपल्या डब्याच्या पोटावरच्या स्टिकरवर जो बारा अक्षरांचा नंबर आहे, तो त्या यंत्रात कुणीतरी चढवावा लागतो. शिवाय व्हीलॅनचा आकडा, युजरनेम आणि पासवर्ड हवा. हा पासवर्ड अत्यंत गुप्त असतो, विशेषतः ज्याचे कनेक्शन आहे त्याच्यापासून.

फोन करून नम्रपणे म्हणावे, ‘दादा, घरचा मोडेम लावायचाय.’ उत्तर येईल, ‘बाहेरचा चालत नाही ओ.’ इथे कायदा काढू नये. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला आपल्या पसंतीचा मोडेम लावण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी लागणारी माहिती कंपनीने न मागता, फुकट द्यायची असते. ही गोष्ट भिंगारमध्ये बसून सांगितल्यास, ‘मग तिकडूनच कनेक्शन घ्या,’ असे ऐकायला मिळते. त्याऐवजी, ‘वहिनींच्या मीटिंगा असतात हो,’ म्हणावे. दादा विरघळतात आणि सांगतात, ‘नंबरचा फोटो टाका, पोरगं करून देईल.’

ते पोरगं हीच या क्षेत्रातली सर्वोच्च संस्था. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले, त्याला राज्याच्या मंत्रिमंडळाची आणि केंद्राची मंजुरी पुरली. तुमच्या डब्याची बारा अक्षरे बदलायला मात्र पोरगंच लागते, आणि ते पारनेरला लग्नाला गेलेले असते. परत आले की गळीत हंगाम सुरू झालेला असतो, म्हणजे उसाच्या उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर आडव्या लोंबणाऱ्या वायरी तोडत कारखान्याकडे निघालेल्या. मग पोरगं शिडी आणि स्प्लायसिंग मशीन घेऊन राहुरी रोडला जॉइंट मारत बसते. त्याला या काळात फोन करू नये. चहा पाजता आला तर पाजावा.

एवढा धीर नसेल त्यांनी केबलवाल्याचा डबा आहे तिथेच राहू द्यावा आणि लॅनच्या वायरीने आपला चांगला राउटर त्याच्या मागे जोडावा. बारा अक्षरे नकोत, पोरगंही नको. फक्त दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ निघाला तर आपल्याचा बदलून १९२.१६८.२.१ करावा, आणि जुन्या डब्याचे वायफाय बंद करावे. माझे प्रामाणिक मत विचाराल तर दहातल्या नऊ घरांना एवढेच पुरे आहे. रेंजचा दोष बहुतेक वेळा भिंतींचा असतो, मोडेमचा नव्हे. वाड्याची दगडी भिंत नवा डबाही ओलांडत नाही.

तरीही हट्टाने स्वतःचाच लावलात, तर पोरगं जिना उतरण्यापूर्वी युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन मार्करने डब्याच्या पाठीवर लिहून घ्या. जुना डबा परत करताना डिपॉझिट मागा. मिळाले, तर पावतीचा फोटो आम्हालाही पाठवा. आम्ही अजून तशी पावती पाहिलेली नाही.