न उघडता सांगणारे अण्णा

कुपवाडला जुनी मोटारसायकल रस्त्यात बंद पडली की ती एकट्याच्या मालकीची राहत नाही. एमआयडीसीच्या रस्त्यावर तुम्ही दोनतीन किका मारेपर्यंत शेजारी एक गृहस्थ येऊन उभे राहिलेले असतात. त्यांचं नाव काहीही असो, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात.

अण्णा म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर. शर्टाच्या खिशात अजून सहा इंची स्टीलची पट्टी, आणि दोन्ही हात पाठीमागे. "मार बघू किक," म्हणून ते मान तिरकी करतात, डोळे मिटतात. तुम्ही घामाघूम झालात की निकाल येतो : "बोअर गेलाय तुजा."

मेकॅनिकचा क्रम साधा असतो. पेट्रोल येतंय का बघायचं. प्लग काढून हेडला टेकवायचा आणि ठिणगी पडते का बघायचं. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असून ठिणगी नसेल तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल तपासायची. मग कार्बोरेटरच्या जेटमधला कचरा. एवढं सगळं ठीक निघालं तरच प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारायची आणि कॉम्प्रेशन बघायचं. अण्णांनाही हा क्रम तोंडपाठ आहे, फक्त ते शेवटाकडून सुरू करतात. पिस्टन, रिंगा, क्रँकचं बेअरिंग यांची तिरडी बांधून झाल्याशिवाय त्यांना प्लग आठवत नाही.

दुसऱ्या गावात हे बोलणं वाऱ्यावर गेलं असतं. इथं समोरच्या शेडमधला पोरगा लेथ थांबवून बाहेर येतो आणि विचारतो, "बुश बसवायचाय काय? सांजच्याला देतो." सांगली, मिरज आणि कुपवाड यांची १९९८ साली एक महापालिका झाली, पण लेथवरचा हात कुपवाडनं कुणाला वाटून दिलेला नाही. म्हैसूरचा येझदी मोटारसायकलचा कारखाना १९९६ साली बंद पडला. इथं त्या गाडीला लागणारी पिन सांगाल त्या मापात वळून मिळते. पार्ट मिळत नाही ही कुपवाडची अडचण नव्हेच. दोष सापडायच्या आत पार्ट तयार होतो, ही आहे.

येझदी ही तर अण्णांचा जीव की प्राण. तिचा गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. नवं पोरगं किक शोधत गाडीभोवती फेऱ्या घालायला लागलं की अण्णा हनुवटीनं दाखवतात, "त्योच की रं!" टू-स्ट्रोकच्या धुराचा वास घेऊन "आईल जास्त वतलंयस" म्हणतात, तेही बहुधा बरोबर निघतं. कान तर खराच तयार आहे. उभं आयुष्य मशिनांच्या आवाजात गेलं. चालत्या इंजिनाची टॅपेट वाजली की चहाच्या टपरीवरून ओळखतील. पण बंद गाडी आवाज करत नाही, तिथं विद्या अडते.

एकदा एक जुनी गाडी चार-पाच किलोमीटर धावून मरायची. थोड्या वेळानं पुन्हा चालू, पुन्हा तेच. अण्णांनी बोअर जाहीर केला, शेडमधून माप घ्यायला माणूसही आला. पेट्रोल आहे हे दाखवायला मालकानं टाकीचं झाकण उघडलं, तर सुस्स करून हवा आत गेली. झाकणाचं बारीक भोक धुळीनं बुजलेलं. पेट्रोल कमी होईल तशी हवा आत यायला वाटच नाही, मग कार्बोरेटरला पेट्रोल उतरणार कुठून? एका किकेत गाडी चालू. अण्णा तसूभर हलले नाहीत. म्हणाले, "बोअर तापला हुता, गार झाला. करून घे तरी."

तेव्हा कुपवाडच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर आधी टाकीचं झाकण उघडा, मग प्लग काढा. अण्णांचं ऐकून घ्या, मोठ्या माणसाला मध्येच तोडू नये. बोअर मात्र दुसऱ्या दिवशी, घरात विचारून करा.