भांडावं तरी कुणाशी

जर्मनीत सायकलवरून सुट्टी घालवायला जाऊ नये, असं माझं मत आहे. तिथे त्रास होतो. त्रास आपल्याकडेही होतो, पण आपल्याकडच्या त्रासाला चेहरा असतो. पंक्चरवाला अवाच्या सवा पैसे सांगतो, हॉटेलवाला गार पोहे आणून आदळतो, पारावरचा माणूस छातीठोकपणे चुकीचा रस्ता दाखवतो, आणि आपण त्याच्याशी कडाडून भांडून पुढे निघतो. जर्मनीत त्रासाची व्यवस्था चोख आहे. त्याला जबाबदार असा माणूस ठेवायचं तेवढं राहून गेलं आहे.

वेझर नदीच्या काठाने जायचं आम्ही ठरवलं. म्हणजे दादाने ठरवलं. दादा हा माझ्या बायकोचा मोठा भाऊ. कोथरूडला राहतो, पुण्याहून गोव्याला सायकलने गेलेला आहे, आणि ही माहिती ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत समोरच्याला मिळते. तो पहिल्यांदाच जर्मनीला आमच्याकडे येणार होता. त्याने किल्ले, चर्च, संग्रहालयं यांची आमची यादी वाचली आणि फोनवर विचारलं, ‘‘काय राव, तुमच्याकडे माणसं नुसती बघतच फिरतात का?’’

हा सायकलमार्ग हान म्युंडेनला सुरू होतो. तिथे वेरा आणि फुल्डा या दोन नद्या मिळतात आणि त्यांची वेझर होते. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर निदान कृष्णेचं नाव शिल्लक राहतं, इथे दोघींचंही जातं. तिथून उत्तर समुद्रावरच्या कुक्सहाफनपर्यंत सुमारे 520 किलोमीटर. जर्मन सायकलस्वारांच्या पाहणीत पूर्वी वर्षानुवर्षं एल्बेकाठचा मार्ग पहिला यायचा, अलीकडे तो मान वेझरकडे आला आहे. कारण विचारलं की सगळे एकच सांगतात: सोपा आहे, नदीबरोबर खाली खाली जायचं.

या ‘खाली खाली’चा हिशेब मी केला. हान म्युंडेनचा संगम समुद्रसपाटीपासून सुमारे 116 मीटर उंचीवर आहे. 520 किलोमीटरमध्ये एवढा उतार म्हणजे दर किलोमीटरला साधारण एक वीत. ही वीत जर्मन लोक अतिशय प्रामाणिकपणे देतात. ती परत घेण्याचं काम वाऱ्याकडे आहे. या भागात वारा पुष्कळदा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो, आणि आपण चाललेलो असतो उत्तरेला. पोर्टा वेस्टफालिकापर्यंत दोन्ही बाजूंना डोंगर असल्यामुळे तो जरा आडून आडून बोलतो. तिथे नदी डोंगरांतून बाहेर पडते आणि पुढे समुद्रापर्यंत सपाट मैदान. मग त्याला अडवणारं कुणी नाही. दादाने पहिले दोन तास उत्साहाने दात ओठ खाल्ले, मग म्हणाला, ‘‘खंबाटकीला निदान माथा असतो.’’ वाऱ्याला माथा नसतो. संध्याकाळी गेस्ट हाउसच्या बाईंना मी वाऱ्याबद्दल सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘हो, उत्तर आहे ना.’’ एवढ्यावर विषय संपला.

वाऱ्याचा हा त्रास सर्वांना होत असता तर मी तक्रार केली नसती. पण आमच्या मागून घंटी वाजायची. अगदी सौम्य, माफी मागितल्यासारखी. वळून पाहावं तर पंचाहत्तरीतलं जोडपं, दोघांचं जॅकेट एकाच रंगाचं, पाठी ताठ, चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. हसून ‘नमस्कार’ करून ते पुढे जायचं. मग दुसरं जोडपं. जर्मनीत 2023 साली पहिल्यांदाच साध्या सायकलींपेक्षा विजेच्या सायकली जास्त खपल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा त्या आठवड्यात वेझरकाठी होत्या असा माझा अंदाज आहे. ताशी 25 किलोमीटरपर्यंत मोटर मदत करते, त्यापुढे पायांनी करायचं. कायद्याने ती सायकलच. हेल्मेटची सक्ती कुणावरच नाही, तरी या सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, दादाच्या डोक्यावर टोपी. ‘‘मोटर लावलेली सायकल म्हणजे लूना,’’ असं दादाने त्यांच्यापैकी एका आजोबांना इंग्रजीत सुनावलं. आजोबांनी लूना म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं, वजन किती, पेट्रोल किती लागतं ते विचारलं, आभार मानले आणि वाऱ्यातून निघून गेले.

इतकं होऊनही सायकल हा मूळचा याच लोकांचा उपद्व्याप आहे. कार्ल्सरूहला जन्मलेला कार्ल ड्रायस 12 जून 1817 रोजी मानहाइमहून लाकडी दुचाकीवर निघाला. तिला पेडल नव्हतं. बसायचं आणि जमिनीला पाय मारत पळायचं. त्या सायकलची आठवण आम्हाला रोज यायची, कारण वाटेत मध्येच एक पाटी लागते: सायकलस्वारांनी उतरावे. कारण लिहिलेलं नसतं. पुढे पूल अरुंद असेल, रस्ता खोदलेला असेल, किंवा एकेकाळी खोदलेला असेल. आजूबाजूला चिटपाखरू नसताना जर्मन माणूस तिथे खरोखर उतरतो, चालतो, आणि पाटीचा अंमल संपला की पुन्हा बसतो. पुण्यात एकेरी रस्त्याची पाटी ही निबंधाचा विषय असते, आचरणाचा नव्हे. दादा उतरला नाही. त्याला कुणीच अडवलं नाही, कुणी रागावलं नाही, नुसते सगळे चालत राहिले. पुढच्या पाटीला तो उतरला. त्या दिवशी तो फारसं बोलला नाही.

दादाची सायकल पंक्चर झाली ती रविवारी. जर्मनीत काही सायकलच्या दुकानांबाहेर ट्यूबचं यंत्र लावलेलं असतं. पैसे घालायचे, खोका खाली पडतो. आमचं नशीब थोर, त्या गावात ते होतं. दादाला हायसं वाटायला हवं होतं. तो त्या यंत्रापुढे बराच वेळ उभा राहिला. शेवटी म्हणाला, ‘‘आपला पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे दाखवतो, तीन भोकं आहेत म्हणतो, आपण दोनच म्हणतो.’’ यंत्राने एकच भाव लावला होता. दादाने तो भरला आणि ट्यूब स्वतः बदलली. हात पुसायला चिंधी मागायची तरी कुणाकडे?

रविवारी दुकानं का बंद असतात, हे मी आवर्जून वाचलं आहे. वायमार प्रजासत्ताकाच्या 1919 च्या राज्यघटनेत रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षित केला. 1949 च्या घटनेने ते कलम जसंच्या तसं आपल्यात घेतलं. म्हणजे रविवारी दुपारी बिस्किटाचा पुडा मिळाला नाही, तर आपल्या आड वाणी आलेला नसतो, राज्यघटना आलेली असते. सकाळी काही तास बेकरी उघडी असते, तिथे रांगेत तीच पंचाहत्तरीतली जोडपी. सोमवारी दुकानं उघडतात. मग खाणावळीच्या दारावर पाटी, आज साप्ताहिक सुट्टी. मंगळवारी खाणावळ उघडी होती, पण दुपारी दोनला चूल बंद झाली होती आणि आम्ही दोन वाजून पाच मिनिटांनी पोचलो होतो. चूल तिथेच दिसत होती. आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे तसंही फारसं काही बिघडलं नाही. नदीकाठच्या बाकावर बसून बायकोने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. निएनबुर्गला मात्र मला आशा होती. तो भाग पांढऱ्या शतावरीसाठी नावाजलेला, शतावरीचं संग्रहालयसुद्धा आहे. पण शतावरीचा हंगाम 24 जूनला संपतो. पाऊस कसाही पडो, संपतो. आम्ही पोचलो ते त्यानंतर. संग्रहालय उघडं होतं.

पाण्याचं सांगायचं तर हॉटेलात ते विकत घ्यावं लागतं आणि त्यात बहुधा बुडबुडे असतात. किमान एक बिनदारूचं पेय सर्वांत स्वस्त दारूपेक्षा महाग असू नये, असा या देशात कायदा आहे. तो करावा लागला यातच सगळं आलं. जुन्या वळणाच्या कॅफेत बाहेर झाडाखाली बसलात तर कपभर कॉफी मिळत नाही, अख्खी किटली घ्यावी लागते. कप हवा तर आत बसा. आत बसलं की नदी दिसत नाही. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्यांचे प्रत्येकी 25 सेंट परत मिळतात, पण त्या चेपता कामा नयेत, आणि परत घेणारं यंत्र दुकानात असतं, आणि दुकान रविवारी... असो. दादाच्या पिशवीतून बाटल्यांचा असा खडखडाट व्हायचा की त्याला घंटीची गरज उरली नाही.

रात्रीच्या मुक्कामाबद्दल तक्रार करायला मी फार प्रयत्न केला. सायकलस्वारांसाठी प्रमाणित केलेली गेस्ट हाउसं असतात. त्यांनी एका रात्रीपुरत्या पाहुण्यालाही जागा दिली पाहिजे, सायकली कुलपात ठेवल्या पाहिजेत, ओले कपडे वाळवायची सोय केली पाहिजे, असे नियम आहेत. नियम पाळलेले होते. एका ठिकाणी सायकलींची खोली कोरडी, ऐसपैस आणि खिडकीतून नदी दिसणारी होती. आमची खोली रस्त्याच्या बाजूला होती.

वाटेतल्या गावांनी मात्र मला दिलासा दिला, कारण माझ्यासारखी अडचण तिथे पूर्वीच आलेली होती. बोडनवेर्डर हे बॅरन म्युनशहाउझनचं गाव. तोफेच्या गोळ्यावर बसून जाणारा, दलदलीतून स्वतःलाच केस धरून वर काढणारा तो थापाड्या. कारंजावर त्याचा पुतळा आहे: अर्धाच घोडा पाणी पितो आहे आणि ते मागून वाहून जातं आहे. दादाला हे गाव फार आवडलं. पण या बॅरनची खरी व्यथा निराळी. तो हयात असतानाच, 1785 साली, त्याच्या नावावरच्या थापांचं पुस्तक इंग्लंडमध्ये छापून आलं, आणि लेखकाने स्वतःचं नाव घातलंच नाही. जगभर हसं झालं आणि जाब विचारायला समोर कुणी नाही. 1797 मध्ये तो वारला. त्या पुतळ्यासमोर मी सायकल स्टँडवर लावून थोडा वेळ उभा राहिलो.

हामेल्नचं तेच. आपल्या क्रमिक पुस्तकातल्या बासरीवाल्याचं हे गाव. उंदीर घालवल्याचे पैसे गावाने बुडवले, मग 26 जून 1284 रोजी 130 मुलं त्याच्यामागे गेली ती गेलीच. बासरीवाला हाती लागला नाही. मग गावाने काय करावं? ज्या गल्लीतून मुलं गेली म्हणतात, त्या गल्लीत वाजवण्या-गाण्याला बंदी घातली. ती अजून पाळतात. माणूस सापडला नाही की रस्त्याला शिक्षा, हा या देशाचा स्वभाव तेव्हापासूनचा आहे. दादा त्या गल्लीत मुद्दाम तीनदा घंटी वाजवत गेला. एक आजीबाई बाजूला झाल्या आणि त्यांनी त्याचे आभार मानले.

पोले या गावच्या नावेवर खरा हाडामांसाचा नावाडी होता. दादाचा चेहरा उजळला. पण ती नाव वरच्या दोराला बांधलेली असते, इंजिन नसतं. तिरकी केली की प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. ‘‘उशीर का?’’ असं विचारल्यावर नावाड्याने नदीकडे बोट दाखवलं.

ब्रेमनमध्ये गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा यांचा एकावर एक उभा केलेला पुतळा आहे. गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरले की इच्छा पुरी होते म्हणतात, म्हणून ते घासून लखलखीत झाले आहेत. हे चौघे ब्रेमनला गायक-वादक व्हायला निघाले होते आणि ग्रिम बंधूंच्या गोष्टीत ते तिथे कधीच पोचत नाहीत. वाटेत एक घर मिळतं आणि तिथेच राहतात. वारा कुठल्या दिशेचा होता याबद्दल ग्रिम काही लिहीत नाहीत.

वेझर ब्रेमरहाफनला समुद्राला मिळते. तिथे मार्ग संपेल अशी कुणाही सरळ माणसाची समजूत होईल. पण तो पुढे कुक्सहाफनपर्यंत जातो आणि कुगेलबाके नावाच्या उंच लाकडी खुणेपाशी संपतो. ती खूण एल्बे नदी संपल्याची आहे. इतके दिवस आम्ही एका नदीच्या बाजूने राहिलो आणि शेवट दुसरीच्या मुखाशी केला. दादा बांधावर चढला, टोपी काढली आणि म्हणाला, ‘‘समुद्र कुठाय?’’

समुद्र नव्हता. समोर क्षितिजापर्यंत चिखल होता आणि त्यात माणसं अनवाणी चालत होती. ओहोटीला इथून समुद्र असा निघून जातो की चिखलातून सुमारे दहा किलोमीटर चालत नॉयवेर्क बेटावर जाता येतं. तो परत केव्हा येणार त्याचं वेळापत्रक फलकावर मिनिटांसह लावलं होतं. या किनाऱ्यावरच्या सुट्टीच्या गावांत पाहुण्यांकडून करही घेतात. खिडकीत माणूस बसला होता.

दादा त्याच्याकडे धावलाच. ‘‘समुद्र नाही, मग पैसे कसले?’’ त्या गृहस्थाने शांतपणे सांगितलं की पैसे किनाऱ्याचे आहेत, किनारा आहे. मग त्याने भरती-ओहोटीचं छापील पत्रक दादाला फुकट दिलं.

दादा बांधावर परत आला तो बायकोने निएनबुर्गला शेवटची दशमी कुणाला दिली होती, असा प्रश्न घेऊन. ती म्हणाली, तुलाच. तो म्हणाला, जावईबापूंना. मी म्हणालो, मला अर्धी. मग 2009 सालच्या नाशिकच्या लग्नातल्या मानपानापर्यंत आम्ही अर्ध्या तासात पोचलो. सगळेच जोरात बोलत होतो, हात हवेत होते, वारासुद्धा पुरा पडत नव्हता. खूप बरं वाटत होतं. आम्ही सायकलमार्गाच्या मधोमध उभे आहोत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. मागे एकाच रंगाची जॅकेटं घातलेलं जोडपं सायकली धरून केव्हापासून थांबलं होतं कोण जाणे. आमचं मानपान आटोपत आलंय असं त्यांना वाटलं असावं, तेव्हा आजोबांनी एकदाच, अगदी हळू, घंटी वाजवली.