मनगटावरची गाठ आणि गावभरचे वैद्य

मनगटाच्या मागच्या बाजूला सुपारीएवढी गाठ उठली की डॉक्टरच्या आधी शेजारच्या काकू भेटतात. "अगं, चुना-गूळ लाव, आठ दिवसांत बसते." तोवर मामा एरंडाचं पान गरम करून बांधायला सांगतात आणि ऑफिसातला एखादा जाणकार जुनं नाणं आवळून ठेवायला. बिब्ब्याचं नाव निघालं तर मात्र हात मागे घ्यावा. गाठ राहते जागच्या जागी, भोवतालची कातडी भाजून निघते.

इंग्रजांचा तोडगा याहून धार्मिक. घरातलं सर्वांत जाडजूड पुस्तक म्हणजे बायबल. ते गाठीवर आपटायचं. गाठ फुटायची, नशीब खोटं असेल तर हाडही. केतकरांच्या ज्ञानकोशाचे 23 खंड आपण अजून या कामी काढले नाहीत, एवढाच त्यांचा मान.

या गाठीत असतो सांध्याच्या किंवा कंडरेच्या आवरणातून फुगून आलेला दाट, चिकट द्रव. लेप तिथवर पोचतच नाही. पण गंमत अशी की साधारण निम्म्या गाठी काहीही न करता आपोआप विरतात, आणि श्रेय जातं शेवटी जे चोपडलं त्याला. सुईने द्रव काढणाऱ्या डॉक्टरची पंचाईत वेगळीच: गाठ पुष्कळदा परत येते, आणि काकू "मी म्हटलं नव्हतं?" म्हणायला मोकळ्या.

तेव्हा गाठ एकदा डॉक्टरला दाखवा. दुखत नसेल, बोटांना मुंग्या येत नसतील, तर तिच्या वाटेला जाऊ नका. चुना पानाला ठेवा, गूळ पोळीला.