उन्हातलं पार्किंग

शारजात, आमच्या अल नहदाला, माणसाची ऐपत गाडीवरून ठरत नाही. गाडी सावलीत लागते की नाही यावरून ठरते. एप्रिल उजाडला की एखाद्या काटकुळ्या कडुनिंबाखाली जागा मिळावी म्हणून आम्ही चार-चार फेऱ्या मारतो. आमच्या मजल्यावरचा सूर्याजी मात्र सावलीतली रिकामी जागा सोडून पुढे जातो आणि वडिलांची गाडी भर उन्हात लावतो. वर म्हणतो, "काका, सवय लावतोय." कोणाला, ते सांगत नाही. वडिलांना तरी अजून लागलेली नाही.

सूर्याजी हे आम्ही ठेवलेलं नाव. पोरगा डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सौर गाडी करतो. याचं मूळ जानेवारी २०१५ मध्ये. तेव्हा अबू धाबीत सौर गाड्यांची शर्यत झाली आणि वडिलांनी हौसेने त्याला नेलं. मिशिगन विद्यापीठाची गाडी जिंकली. अबू धाबीच्या पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पोरांनीही गाडी उतरवली होती. पेट्रोलियमवाल्यांनी सौर गाडी काढावी, हे मला खाटकाने वरीचे तांदूळ विकायला ठेवावेत तसं वाटतं. त्याच मार्चमध्ये अबू धाबीतून 'सोलर इम्पल्स' हे सौर विमान पृथ्वीप्रदक्षिणेला निघालं, ते जुलै २०१६ मध्ये परत टेकलं. सोळा महिने! इथलं ड्रायव्हिंग लायसन्स काढायला मलाही जवळपास तेवढेच लागले होते, पण माझं कोणी स्वागत केलं नाही.

गाडीचं गणित तो कोणालाही, लिफ्टमध्येसुद्धा, ऐकवतो. टपावर चार चौरस मीटर पॅनल, त्यात अर्ध्या वितीहून जरा मोठे, अडीचशेच्या आसपास सेल. डोक्यावर कडक ऊन असलं तरी निघणार जेमतेम नऊशे वॉट. आमच्या इस्त्रीलाही ते पुरत नाहीत. तेवढ्यावर पळायचं म्हणून गाडी माशासारखी चपटी, चाकं सायकलची वाटावीत अशी, चालक जवळजवळ आडवा.

"आणि एसी?" त्याच्या आईने विचारलं.

सूर्याजी त्या दिवशी जेवला आणि काही न बोलता उठला.

त्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. पॅनलला ऊन हवं, पण उष्मा चालत नाही. पंचवीस अंशांच्या वर तापलं की अंशाअंशाला वीज घटते. इथे टप पासष्टावर गेला की सातवा हिस्सा गळालाच. म्हणजे त्याला ऊन अबू धाबीचं हवंय आणि हवा महाबळेश्वरची. शिवाय जोडीदार मल्याळी इंजिनीअर. त्याचं म्हणणं, टप सपाट ठेव, सगळ्या सेलना सारखं ऊन मिळेल. यावर सूर्याजी कळवळतो, "गाडी आहे ती, ताट नाही!" त्याला बाक हवा, ओघ हवा. महिनाभर खपून त्याने क्लेचं मॉडेल केलं आणि कॉलेजात न्यायला गाडीत ठेवलं. गाडी कुठे लावली होती ते सांगायला नकोच. ही क्ले ओव्हनमध्ये मऊ करून थापतात. इथे ओव्हनला चार चाकं होती. तासाभरात मॉडेलचं नाक मान टाकून बसलं. परीक्षकांना म्हणे ते नाकच आवडलं. वारा छान कापेल म्हणाले.

फेब्रुवारीत त्याने बाल्कनीत शंभर वॉटचं एक पॅनल आडवं टाकलं आणि दर दहा मिनिटांनी आकडा टिपायला लागला. वहीत 'घट' आणि 'कारण' असे दोन रकाने. एका दुपारी आकडा धाडकन निम्म्यावर आला. ढग नाही, धूळ नाही. वायर चाचपली, मल्याळ्याला फोन लावला, मग बाहेर जाऊन पाहिलं. आईने पॅनलच्या कोपऱ्यावर फडकं अंथरून कोहळ्याचे सांडगे घातले होते, छान ओळीने. सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक झाकला तरी अख्खी रांग अडते. ते त्याने आईला समजावून सांगितलं. "बरं, बरं," आई म्हणाली, "उद्या उलटायचेत, तोवर हात लावू नकोस."

वहीत कारणाच्या रकान्यात 'ढग', 'धूळ', 'कबूतर' यांच्याखाली सुवाच्य अक्षरात 'सांडगे' आहे. मी पाहिलंय.

आठवड्याने ते तळून आमच्याकडे आले. ताटली घेऊन सूर्याजी स्वतः दारात उभा.

"काका, पन्नास वॉट गेलेत यात. सावकाश खा."