कस्तुराच्या मागावर

मराठी पक्षीछायाचित्रकार हा हंगामी स्थलांतर करणारा प्राणी असून त्याच्या उत्तरेकडील प्रवासात नवी दिल्लीचा कोपर्निकस मार्ग हा विसाव्याचा टप्पा ठरतो, कारण मंडी हाऊसलगतच्या या रस्त्यावर जुने महाराष्ट्र सदन, म्हणजेच राज्य शासनाचे अतिथिगृह आहे. भल्या पहाटे गाडीवर चढणारे ट्रायपॉड, भाकरवडीचे पुडे आणि गरजेहून अधिक खिसे असलेली मातकट जाकिटे यांवरून ही जात ओळखता येते.

या स्थलांतराचे प्रयोजन मात्र अभ्यासकाला बुचकळ्यात टाकणारे आहे. निळ्या डोक्याचा कस्तूर हा पक्षी हिवाळाभर सह्याद्रीच्या रानांत मुक्कामाला असतो, तेव्हा पुणेकर छायाचित्रकार त्याच्याकडे फारसे लक्ष देत नाही. तो विणीसाठी, म्हणजे घरटे बांधून पिले वाढवण्यासाठी, हिमालयात परतला की हाच गृहस्थ रजा टाकून त्याच्या मागोमाग उत्तराखंडातील डोंगर चढू लागतो. न्यायाने पाहता त्याचीही एक बाजू आहे, कारण श्वासनलिका जेथे दुभंगते तेथील शब्दिनी नावाच्या ध्वनियंत्रातून निघणारे नराचे गाणे मुख्यतः विणीच्या हंगामातले असते आणि हिवाळी पाहुणा बहुधा मौन पाळतो.

हे गाणे म्हणजे हद्दीची जाहीर घोषणा आणि मादीला निमंत्रण होय. काही उत्साही मंडळी ध्वनिमुद्रित गाणे वाजवून नराला बोलावतात, आणि सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव चढल्याची खबर लागावी तसा तो चवताळून समोरच्या फांदीवर येतो. त्या मुद्रेचे ‘आनंदाने गाणारा कस्तूर’ असे नामकरण होते, आणि पिलांना भरवणे तेवढा वेळ तहकूब राहते. घरट्यासमोरील पाने बाजूला सारण्याचा प्रकार याहून वाईट, कारण त्यामुळे छायाचित्रकाराबरोबर कावळ्यालाही उत्तम दृश्य मिळते.

ज्याच्या नावाचा हा मार्ग आहे त्या निकोलस कोपर्निकसच्या १५४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने पृथ्वीला विश्वाच्या केंद्रस्थानावरून हटवले. छायाचित्रकाराला तेथून हटवणारा ग्रंथ अद्याप लिहिला गेलेला नाही. त्यामुळे पक्षी भिंगाकडे पाठ करून बसला, तर दोष पक्ष्याच्या स्वभावाला दिला जातो.

पावसाळ्यानंतर कस्तूर पुन्हा सह्याद्रीत उतरतो, आणि त्या वेळी छायाचित्रकार खिडक्या लावून संगणकापुढे त्याच्या डोक्याचा निळा रंग अधिक निळा करण्यात गढलेला असतो.